मैत्रिणीच्या घरात वाढलेली इरावती

शाळा सुटायच्या वेळेला वसई-विरारच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून बघा, एक जोडी हमखास दिसते. गळ्यात गळे, डबा एकत्र, वेण्या सारख्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा एकीची चप्पल दुसरीच्या दाराशी. एक आजारी पडली की दुसरीला जेवण जात नाही. एकीने सायन्स घेतलं म्हणून दुसरीही घेते, मग झेपो की न झेपो. घरी आईची कुरकूर सुरू होते की किती हे मैत्रिणीचं वेड! आणि आजी ठामपणे सांगते की लग्नं झाली की सगळं विसरतील, कुठली मैत्रीण नि कुठलं काय.

आईची काळजी अगदीच खोटी नसते. एकमेकींवर इतकं विसंबलेल्या मुलींमध्ये कधी कधी एकीची दुसरी नुसती सावली होऊन राहते. मैत्रीण रुसली तर जग संपतं, तिला दुसरी मैत्रीण मिळाली तर रडारड होते. पण म्हणून ही मैत्री तोडायची का? की तिला नीट वाढू द्यायचं? या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी आठवतं ते एक मोठं नाव. तिच्या विद्वत्तेबद्दल खूप लिहिलं गेलं. पण तिच्या सगळ्या आयुष्याला वळण मिळालं ते शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे, हे मात्र आपण चटकन विसरतो. ती म्हणजे इरावती कर्वे. ‘युगान्त’वाल्या.

इरावतीचं माहेरचं नाव करमरकर. वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मिंजान गावी 15 डिसेंबर 1905 रोजी तिचा जन्म झाला. त्या देशाची मोठी नदी इरावती, म्हणून मुलीचं नावही इरावती. आज आपल्याला हे नाव किती ओळखीचं वाटतं, पण त्या काळात गंगा, यमुना, गोदावरी सोडून परमुलखातल्या नदीचं नाव मुलीला ठेवणं हीसुद्धा वेगळीच गोष्ट होती.

मुलीला शिकवायचं तर मराठी मुलखात पाठवायला हवं, असं आईवडिलांनी ठरवलं. सात वर्षांची इरावती पुण्याला हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात आली. ही शाळा 1884 साली सुरू झालेली, मुलींच्या शिक्षणासाठी सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली. तरी विचार करा, सात वर्षांची पोर! आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला नाक्यावरच्या दुकानात एकटीला धाडताना जीव खालीवर होतो. इथे तर मध्ये समुद्र. आई हाकेच्या अंतरावर नाही, शनिवार-रविवारी घरी जायची सोय नाही, फोन तर नाहीच नाही.

त्याच शाळेत तिच्याच वयाची एक मुलगी होती, शकुंतला परांजपे. दोघींच्या जन्मात जेमतेम महिन्याचं अंतर. शकुंतला जन्मली 17 जानेवारी 1906 ला. तिचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे. कोकणात दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजला जाऊन 1899 साली गणितात पहिला आला आणि घराघरात त्यांचं नाव पोचलं. पुढे कितीतरी वर्षं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. घरात पुस्तकं, पाहुणे, वादविवाद. पण लेकरू एकच, शकुंतला.

म्हणजे बघा, एकीकडे घर आहे, आईबाप आहेत, पण बरोबरीचं भावंड नाही. दुसरीकडे आईबाप आहेत, पण समुद्रापलीकडे. या दोघी एकमेकींना सापडल्या. आणि मग पुढचं काम केलं ते शकुंतलेच्या आईने, सईबाईंनी. लेकीची ही मैत्रीण त्यांना आवडली आणि त्यांनी तिला सरळ घरीच आणलं. चार दिवस राहायला नव्हे. घरातली दुसरी मुलगी म्हणून.

हे वाचताना सोपं वाटतं. पण कुठल्याही आईला विचारा. लेकीची मैत्रीण घरी जेवायला येणं वेगळं आणि ती कायमची घरात राहणं वेगळं. शंभर प्रश्न उभे राहतात. दुसऱ्याची मुलगी सांभाळायची जबाबदारी, तिचं दुखणंखुपणं, लोकांचं बोलणं. शिवाय एकुलत्या एक मुलीच्या वाट्याचं सगळं आता दोघींत वाटलं जाणार. आई वाटली जाणार, बापाचं कौतुक वाटलं जाणार. परीक्षेचा निकाल लागला की घरातल्या घरातच तुलना होणार. अशा वेळी जिवलग मैत्रिणींच्या सवती व्हायला वेळ लागत नाही.

परांजप्यांच्या घरात तसं झालं नाही. याचं एक कारण मला असं वाटतं की त्या घरात दोघींना एकाच साच्यात बसवायचा हट्ट नव्हता. रँग्लर गणिती, पक्के बुद्धिवादी, देवधर्म न मानणारे. लेक शकुंतला बापाच्या वाटेने गणिताकडे गेली. इरावतीने मात्र फर्ग्युसनमधून 1926 साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं. घरी येणाऱ्या मंडळींमध्ये न्यायाधीश बालकराम होते. माणसांच्या जमाती, त्यांच्या चालीरीती, त्यांचं मूळ कुठलं याच्या अभ्यासाची गोडी इरावतीला त्यांच्यामुळे लागली. एकाच छपराखाली, एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन मुली, पण एकीने आकडे धरले आणि दुसरीने माणसं. मैत्रिणीने जे घेतलं तेच मी घेणार, हा प्रकार इथे नाही.

पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली इरावतीने 1928 साली समाजशास्त्रात एम.ए. केलं. दरम्यान तिचं लग्न झालं होतं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. आता गंमत पाहा. महर्षी कर्वे आणि रँग्लर परांजपे हे नात्याने भाऊ. रँग्लरांच्या शिक्षणाला तर अण्णा कर्व्यांचाच आधार होता. म्हणजे शाळेतली मैत्रीण, मग घरातली बहीण, आणि आता नात्याने वहिनी! रक्ताचं नातं नसलेल्या या दोघी अशा रीतीने एका गोतातल्या झाल्या.

लग्नानंतर इरावतीला जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायची होती. तुम्हाला वाटेल, सासरा महर्षी कर्व्यांसारखा, ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, ते आनंदाने हो म्हणाले असतील. पण सुनेनं इतक्या लांब शिकायला जावं हे त्यांच्याही मनाला पटेना. जगाच्या मुलींसाठी झटणाऱ्यालाही घरच्या सुनेच्या बाबतीत पाऊल टाकणं अवघड जातं, हे त्यातून दिसतं. नवरा मात्र ठाम राहिला. स्वतः दिनकरराव जर्मनीत शिकून आलेले, बायकोनंही जावं असा त्यांचा आग्रह. पैशांसाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि 1928 साली इरावती बर्लिनला गेली.

त्याच सुमाराला शकुंतला होती केंब्रिजला, न्यूनहॅम कॉलेजमध्ये. 1929 साली गणिताची पदवी घेतली, पुढच्या वर्षी लंडनला शिक्षणशास्त्राची पदविका. हुजूरपागेतल्या दोन मुली आता युरोपात होत्या, पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या विषयांत. लहानपणी एकमेकींशिवाय न राहणाऱ्या मुली मोठेपणी एकेकट्या उभ्या राहू शकल्या, ही मला या मैत्रीची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

आणि बर्लिनला उभं राहणं काही सोपं नव्हतं बरं का! तिथे इरावतीचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाची बुद्धी श्रेष्ठ आणि ते कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूच्या फरकावरून दिसतं, असं त्यांचं म्हणणं. इरावतीला काम दिलं ते नेमकं कवट्या मोजायचं. तिने मोजल्या आणि निष्कर्ष काढला की या फरकाचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी ज्यांच्या हातात त्या गुरूंचंच मत खोडून काढायचं! पंचविशीच्या आतल्या मुलीने ते केलं आणि 1930 साली डॉक्टरेट घेऊनच ती परतली. फिशर यांच्यासारख्यांच्या विचारांनी पुढे हिटलरच्या काळात काय अनर्थ घडवला हे सगळ्या जगाने पाहिलं. त्या पार्श्वभूमीवर पुण्याच्या या मुलीचा खरेपणा अधिकच उठून दिसतो. मोठ्यांचं म्हणणंही तपासून घ्यायचं असतं, हे शिक्षण तिला कुठे मिळालं असेल? ज्या घरात जेवताना वाद घालायची मुभा होती, त्या घराचा यात नक्कीच वाटा आहे.

दोघींची पुढची आयुष्यंही एकमेकींची नक्कल नाहीत. इरावतीबाईंनी संसार, तीन मुलं आणि संशोधन असं सगळं एकदम चालवलं. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापाची साधनं घेऊन देशभर हिंडल्या, रानावनात राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक. नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारायच्या. त्या काळच्या पुण्यात याची केवढी चर्चा झाली असेल, कल्पना करा.

शकुंतलाबाईंनी जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केली. युरा स्लेप्टझॉफ नावाच्या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. 1937 सालच्या ‘कुंकू’ या गाजलेल्या चित्रपटात काम केलं. 1938 साली त्यांना मुलगी झाली आणि आईच्या नावावरून तिचं नाव ठेवलं सई. लग्न मात्र टिकलं नाही. मुलीला घेऊन त्या वडिलांच्या घरी राहिल्या आणि तिला एकटीने वाढवलं. याच सईबाई परांजपे, ‘स्पर्श’ आणि ‘चष्मेबद्दूर’च्या दिग्दर्शिका.

शकुंतलाबाईंनी पुढे काम निवडलं तेही असं, की ज्याचं नाव बायका हळू आवाजात घ्यायच्या. संततिनियमन. र. धों. कर्वे या विषयात एकाकी झुंजत होते, लोकांची निंदा आणि कोर्टाचे खटले सोसत होते. त्यांच्याबरोबर शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. हे र. धों. म्हणजे इरावतीबाईंचे थोरले दीर. एका मैत्रिणीने कर्व्यांच्या घरात संसार मांडला आणि दुसरीने कर्व्यांचं काम उचललं, असंच म्हणायचं. पुढे शकुंतलाबाई मुंबईच्या विधान परिषदेत आणि 1964 ते 1970 राज्यसभेत होत्या. 1991 साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

दोघींतला एक फरक तर फार बोलका आहे. देव न मानणाऱ्या घरात वाढलेल्या इरावतीबाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या. भाबड्या भक्तीने नव्हे. माणसं समजून घ्यायला गेल्या आणि विठोबाशी त्यांचं सख्य जुळलं. त्याच्यावर त्यांनी सखा मानून लिहिलं. ज्या घराने वाढवलं त्या घरापेक्षा वेगळं वागायला त्यांना संकोच वाटला नाही आणि त्या घराबद्दलची मायाही आटली नाही. वेगळं होणं म्हणजे तुटणं नव्हे, हे त्यांना उमगलेलं होतं.

आता इरावतीबाईंच्या मुख्य कामाकडे येते. 1953 साली त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुठल्या प्रांतात कुणाला काय म्हणतात, कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकतं, सगळं त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलं. उत्तरेत मुलगी दुसऱ्या गावी, अनोळखी माणसांत द्यायची रीत. माहेरची लेक आणि सासरची सून, दोघींचं वागणंच वेगळं. दक्षिणेत मुलगी मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी जाते, म्हणजे ओळखीच्याच माणसांत. आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला. मामाची मुलगी बऱ्याच जातींत चालते.

हे वाचताना मला वाटून जातं, लग्नाच्या या सगळ्या व्यवस्थेत मुलीची मैत्रीण कुठे बसते? मावशी आहे, आत्या आहे, जाऊ आहे, नणंद आहे, विहीणसुद्धा आहे. मैत्रिणीला मात्र नात्यात जागा नाही. लग्नात मानाचं ताट नाही, आहेराच्या यादीत नाव नाही. मुलगी सासरी गेली की सगळ्यांत आधी सुटतो तो मैत्रिणीचा हात, आणि त्याबद्दल कुणी हळहळतही नाही. नात्यांचा एवढा अभ्यास करणारी ही बाई स्वतः मात्र अशा घरात वाढली, जिथे तिचं नातं फक्त मैत्रीतून आलेलं होतं!

इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ नावाचा लेख पुष्कळ जणींनी शाळेत नाहीतर वाचनालयात वाचला असेल. सभेत ओळख करून देताना त्यांना कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी असं सांगितलं जातं आणि त्यांना वाटत राहतं की यात काहीतरी कमी राहिलं. मग रस्त्यातली मुलं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. लेख हसरा आहे, पण त्यात दुखरी जागाही आहे. बाई केवढीही विद्वान असली तरी तिची ओळख कुणाची तरी कोण म्हणूनच होते. त्या यादीत एक ओळख कुणालाच सुचत नाही, ती म्हणजे अमकीची मैत्रीण. खरं तर इरावतीबाईंच्या बाबतीत तीच ओळख पहिली होती. शकुंतलेची मैत्रीण म्हणून त्या परांजप्यांच्या दारात आल्या आणि मग बाकीची दारं उघडत गेली.

‘युगान्त’ 1967 साली आलं. महाभारतातल्या गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे देव्या म्हणून न बघता आपल्यासारख्या बायका म्हणून बघायला त्या पुस्तकाने शिकवलं. 1968 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 11 ऑगस्ट 1970 रोजी, इरावतीबाई गेल्या. वय अवघं चौसष्ट. शकुंतलाबाईंना दीर्घ आयुष्य लाभलं. मैत्रीण गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं त्या जगल्या आणि 3 मे 2000 रोजी गेल्या. दोघींच्या लेकींनीही नाव काढलं. इरावतीबाईंच्या गौरी देशपांडे आणि जाई निंबकर लेखिका झाल्या, तर शकुंतलाबाईंच्या सईने नाटक-सिनेमा गाजवला.

मैत्रिणींनो, परांजप्यांचं घर मोठं होतं, शिकलेलं होतं, हे खरं. आपल्या वन रूम किचनमध्ये लेकीच्या मैत्रिणीला कायमचं कुठे ठेवणार? पण दार उघडायला बंगला लागत नाही. तुमच्या लेकीची ती एक मैत्रीण असते ना, जिच्या घरी वडील पितात, किंवा आई सकाळच्या लोकलने जाते ती रात्रीच परत येते, किंवा जिला अभ्यासाला शांत कोपराच नाही. ती रोज तुमच्याकडे येऊन बसते आणि तुम्हाला वाटतं, हिला घरदार नाही का! तिला पोळी-भाजी वाढताना हेही बघा की ती काय वाचते, तिला काय आवडतं. कदाचित तुमच्या ओट्याशेजारच्या टेबलावरच तिचं आयुष्य ठरणार असेल.

आणि दोघी एकमेकींत फारच गुंतल्या असतील तर एकीला ओढून बाजूला काढू नका. ओढलं की गाठ अधिक घट्ट बसते. त्यापेक्षा दोघींना विचारा, तुला काय करायचंय? आणि तुला? उत्तरं वेगळी आली तर दोन्हींचं कौतुक करा. गणिताची आवड असलेली गणित शिको, माणसांची आवड असलेली माणसं वाचो. एक चर्चगेटला कॉलेजात जाईल, दुसरी आगाशीतच राहून काही शिकेल. फॉर्म भरताना मैत्रिणीच्या फॉर्मकडे बघायचं नाही, एवढा नियम घरात पुरे.

आपणही एकदा आठवून बघायला हरकत नाही. लग्नाच्या यादीत जिचं नाव शेवटी कसंबसं बसवलं, पहिल्या बाळंतपणानंतर जिला फोन करायचा राहिला, ती शाळेतली आपली शकुंतला हल्ली कुठे असते? नंबर मिळवणं आता अवघड नाही. आजी म्हणते तसं सगळ्या जणी विसरत नाहीत. कित्येकींना कुणी आठवायची मुभाच दिलेली नसते.